सिनेमा जरूर करा, नोकरी सोडू नका

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका अशी त्यांची विनंती आहे, म्हणून मजकूर थोडक्यात देते.

‘माझे मिस्टर फौजेत होते. सीमेवर सुरुंग पेरण्याचं काम चाललं असताना एक सुरुंग फुटला आणि त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. लढाई नव्हती, गोळीबार नव्हता. पुण्याला कृत्रिम पाय बसवला. बोर्ड आउट होऊन, म्हणजे प्रकृतीच्या कारणावरून फौजेतून मोकळे होऊन घरी आले, आता तालुक्याला एका बँकेत सिक्युरिटीला आहेत. पेन्शनही आहे. मध्यंतरी एका सिनेमाचे लोक गावात जागा बघायला आले होते. जखमी जवानाची गोष्ट आहे. दिग्दर्शकांनी यांना पाहिलं आणि हा रोल तुम्हीच करा म्हणाले. तेव्हापासून हे खुलले आहेत. म्हणतात, “आजवर सगळे मदत घेऊन आले, पहिल्यांदा कुणीतरी काम घेऊन आलंय.” पण मला काही गोष्टी टोचतात. रात्री खोलीत जवान पाय काढून ठेवतो असा एक सीन आहे आणि तो खराखुरा घ्यायचा म्हणतात. तसं त्यांना माझ्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही, मुलांनीसुद्धा नाही. सिनेमात पाय अतिरेक्यांशी लढताना जातो आणि जाहिरातीत मात्र “सत्यकथा” म्हणणार आहेत. त्यात हे बँकेची नोकरी सोडून मुंबईला जायचं म्हणतात. सासूबाईंचं म्हणणं, दुखणं असं चव्हाट्यावर मांडू नये. अडवावं तर त्यांचं मन मोडेल, नाही अडवावं तर पुढं काय होईल कळत नाही. काय करू?’

ताई,

उत्तर आधी सांगते, कारणं मागून. त्यांनी हा रोल करावा. बँकेतली नोकरी सोडू नये. ‘सत्यकथा’ हा शब्द पोस्टरवर येऊ देऊ नये. आणि पाय काढण्याच्या सीनबद्दल शेवटचा शब्द तुम्हा नवरा-बायकोचा असावा.

हे मी मनानं सांगत नाही. तुमचं पत्र वाचताना एक माणूस सारखा डोळ्यांपुढे येत होता. तुम्ही आज ज्या वळणावर उभ्या आहात तिथून तो आणि त्याचं घर पाऊणशे वर्षांपूर्वी गेलं आहे. त्याचं नाव हॅरल्ड रसेल. जन्म १९१४ चा, कॅनडात नोव्हा स्कोशियातला. वडील लहानपणीच गेले आणि कुटुंब अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला आलं. मोठेपणी तो तिथल्याच एका दुकानात मटण कापायच्या कामाला होता. पर्ल हार्बरवर हल्ला झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो सैन्यात भरती झाला. छत्रीधारी सैनिकाचं शिक्षण घेतलं, स्फोटकांच्या कामात तयार झाला आणि पुढं इतरांना तेच शिकवू लागला.

६ जून १९४४ हा दिवस युरोपच्या इतिहासात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या चढाईसाठी ओळखला जातो. त्याच दिवशी रसेल नॉर्मंडीपासून हजारो मैल दूर, अमेरिकेतच, नॉर्थ कॅरोलायनाच्या कॅम्प मॅकॉलमध्ये प्रशिक्षणाच्या कामात होता. सदोष फ्यूजमुळे हातातलं स्फोटक फुटलं. दोन्ही हात गेले. शत्रूचा एकही सैनिक त्यानं पाहिला नव्हता.

तुम्ही पत्रात ‘लढाई नव्हती, गोळीबार नव्हता’ असं जणू कबुली दिल्यासारखं लिहिलंय. ते वाचून वाईट वाटलं. सुरुंग पेरणारा जवान हा लढणारा जवानच असतो, त्याच्या कामात मरण तेवढंच जवळ असतं. हे तुमच्या मिस्टरांना कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. ते त्यांना पुरतं पटलेलं नसेल, तर ‘अतिरेक्यांशी लढताना’ हा बदल त्यांना मनातून हवाहवासा वाटत असेल. ही शक्यता तुम्ही नजरेआड करू नका.

रसेलला वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात हलवलं. तिथं त्याला सैन्यानंच केलेला एक छोटा माहितीपट दाखवण्यात आला. त्यात मॅकगॉनिगल नावाचा पहिल्या महायुद्धातला सैनिक होता. त्याचेही दोन्ही हात गेलेले होते आणि स्टीलच्या आकड्यांनी तो आपली रोजची कामं करत होता. रसेलला प्लॅस्टिकचे दिसायला बरे हात किंवा स्टीलचे आकडे असा पर्याय होता. त्यानं आकडे घेतले, कारण आकड्यांनी काम होतं. पडद्यावरच्या अनोळखी माणसाला पाहून त्याला उभारी आली होती, हे सासूबाईंना जरूर सांगा. चव्हाट्यावर मांडलेलं एकाचं दुखणं दुसऱ्याला हॉस्पिटलच्या खाटेवरून उठवू शकतं. तुमचे मिस्टर पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात राहून आलेले आहेत. हे केंद्रही १९४४ सालचंच. शेजारच्या खाटेवर विशी-बाविशीचं, भिंतीकडे तोंड करून पडलेलं पोरगं त्यांनी पाहिलेलं असणार. त्या पोरासाठी असे सिनेमे व्हायला हवेत असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच माझा पहिला कौल ‘करा’ असा आहे.

पुढं रसेललाच घेऊन सैन्यानं असाच एक माहितीपट काढला. तो दिग्दर्शक विल्यम वायलरनं पाहिला. वायलर तेव्हा युद्धावरून परतलेल्या तीन सैनिकांच्या गोष्टीवर काम करत होता. मूळ कथेतल्या खलाशाला मेंदूच्या दुखापतीमुळे झटके येत असत. कुठल्याही नटाला ते खरं वाटेल असं करता येणार नाही असं वायलरचं मत पडलं, आणि रसेलला पाहिल्यावर पात्रच बदललं. झटक्यांऐवजी त्याचे हात गेले. पात्राचं नाव होमर पॅरिश, सिनेमा ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज’, साल १९४६. वायलर स्वतः युद्धकाळात हवाई दलासाठी चित्रीकरण करत होता आणि त्यात त्याची श्रवणशक्ती गेली होती, एका कानानं तर ऐकूच येत नव्हतं. तो दुखापतीकडे लांबून बघणारा माणूस नव्हता. निर्माता सॅम्युअल गोल्डविननं रसेलला अभिनयाच्या शिकवणीला घातलं होतं. वायलरला कळताच त्यानं ती बंद करवली. त्याला रसेल जसा होता तसाच हवा होता.

आता तुमच्या त्या सीनकडे येते, कारण सगळ्या पत्राचं मूळ मला तिथंच दिसतं.

त्या सिनेमातही अगदी हाच सीन आहे. होमर घरी परतलाय. शेजारची विल्मा ही त्याची लहानपणापासूनची मैत्रीण, तिचं त्याच्यावर प्रेम आहे. तो मात्र तिला टाळतो, कारण ती दयेपोटी लग्न करेल अशी त्याला भीती आहे. शेवटी एका रात्री तो तिला म्हणतो की वर खोलीत ये, रोज रात्री काय होतं ते तुझ्या डोळ्यांनी बघ आणि मग ठरव. तो खांद्यांवरचा पट्टा आणि आकडे अंगावेगळे करून पलंगावर टाकतो. सांगतो की आता मी लहान मुलासारखा परस्वाधीन आहे. दार लागलं तर मला ते उघडता येणार नाही, कुणाला तरी हाक मारावी लागेल. विल्मा ऐकून घेते. मग जवळ येते आणि त्याच्या पायजम्याच्या सदऱ्याची बटणं लावते.

हा सीन पाहताना कुणाला रसेलची कीव येत नाही. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे आणि मला त्याची कारणं अशी दिसतात. एक तर तिथं पट्टे उतरवणारा माणूस होमर आहे. रसेलनं आपलं शरीर दाखवलं, आपला संसार दाखवला नाही. दुसरं, सीनमध्ये दोन माणसं आहेत. होमर काही सांगतोय आणि विल्मा काही ठरवतेय. आकडे निघाल्याशिवाय ती गोष्ट पुढं सरकूच शकली नसती. आणि तिसरं म्हणजे तिला खोलीत बोलावतो तो स्वतः होमर. त्याच सिनेमात आधी शेजारची पोरं खिडकीतून डोकावून त्याचे आकडे बघतात, तेव्हा हाच होमर संतापून ते आकडे काचेतून आरपार मारतो. कुणी चोरून बघणं वेगळं आणि आपण होऊन दाखवणं वेगळं, हा फरक त्या सिनेमानं नीट जाणला आहे. तुमच्या दिग्दर्शकांना तो कळतो का, हे तुम्हाला तपासायचंय.

तपासायची रीत साधी आहे. त्यांना त्या सीनची पानं मागा. ‘सेटवर बघू’ हे उत्तर चालवून घेऊ नका. पानं हातात आली की दोघं बसून वाचा. जवान पाय का काढतोय? खोलीत दुसरं कोण आहे? त्यानंतर गोष्टीत काय बदलतं? जवान एकटा बसलाय, कॅमेरा स्टंपवर, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायावर जातोय, मागे करुण सूर आणि मग अश्रू, एवढंच असेल तर मी म्हणेन की हा सीन करू नये. त्यात प्रेक्षकाला हळहळण्यापलीकडे काही काम नाही आणि तुमच्या मिस्टरांना अभिनय करण्यासारखंही काही नाही. दिग्दर्शक समंजस असतील तर हे ऐकून घेतील, कदाचित सीन अधिक चांगला लिहून आणतील.

आणि न दाखवण्याचा हक्कही पूर्ण आहे. हर्बर्ट मार्शल नावाचा इंग्रज नट होता. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली फ्रान्समध्ये आरासच्या लढाईत त्याला गोळी लागली आणि पाय कापावा लागला. त्यानं लाकडी पायावर हॉलिवूडमध्ये अनेक वर्षं नायकाची कामं केली, आणि पुष्कळ प्रेक्षकांना त्याच्या पायाची कल्पनाही नव्हती. गंमत अशी की १९४१ साली त्याला दिग्दर्शित करणारा माणूस पुन्हा वायलरच होता. त्या सिनेमात मार्शलला जिना चढायचा होता. वायलरनं त्याला हलकेच चौकटीबाहेर जाऊ दिलं आणि मागच्या अंधुक जिन्यावर दुसरा माणूस चढवला. प्रेक्षकाला फरक कळत नाही. याच मार्शलनं दुसऱ्या महायुद्धात लष्करी रुग्णालयांत जाऊन हातपाय गमावलेल्या सैनिकांना भेटून धीर दिला. पडद्यावर झाकलेली गोष्ट त्यानं जिथं गरज होती तिथं उघड केली. एकाच दिग्दर्शकानं एकाचं झाकलं, दुसऱ्याचं दाखवलं, आणि दोन्ही वेळा त्या माणसाचा मान राखला. तुमच्या मिस्टरांनी ‘रोल करतो, पण तो सीन पाय घातलेलाच घ्या’ असं सांगितलं तर ती अडवणूक ठरत नाही.

आता थोडं तुमच्याबद्दल. पत्रभर तुम्ही ‘त्यांचं’ मन, ‘त्यांची’ हौस, ‘त्यांचा’ पाय याबद्दल लिहिलंय. पण त्या खोलीत रोज रात्री तुम्हीही असता. सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या वाटीत, घामानं कातडी सोलवटली की औषध कोण लावतं? रात्री उठायचं झालं तर कुबडी हाताशी कोण ठेवतं? ती खोली अर्धी तुमची आहे. म्हणून तो सीन होण्याला तुमचाही होकार लागेल, हे त्यांना सरळ सांगा. भांडणाच्या सुरात नको, पण सांगा. ‘तुमचा निर्णय, मी कोण बोलणार’ असं म्हणून गप्प राहिलात तर सिनेमा आल्यावर ते आतल्या आत सलत राहील. सिनेमात जवानाची बायको असेल तर ती तुम्ही नसावी. तिचं नाव वेगळं असावं, घर वेगळं असावं, मुलांची संख्यासुद्धा वेगळी असावी.

मुलांचंही बघा. बापाचा पाय त्यांनी थिएटरात, दोनशे माणसांच्या शेजारी बसून पहिल्यांदा पाहावा हे मला बरोबर वाटत नाही. सिनेमा होवो न होवो, एखाद्या रविवारी घरातच, दिवसाउजेडी, त्यांनी पाय काढून मुलांना दाखवावा. मुलं चार प्रश्न विचारतील, हात लावून बघतील आणि खेळायला पळतील. मुलांना झाकलेल्या गोष्टीची भीती जास्त वाटते.

‘सत्यकथे’चा मुद्दा तुमच्या मनात बरोबर खुपला आहे. रसेल भूदलातला सार्जंट होता, होमर नौदलातला खलाशी. रसेलचे हात प्रशिक्षणात गेले, होमरचे जहाजावर जळाले. म्हणजे तिथंही बदल केलाच होता, पण होमर ही काल्पनिक व्यक्ती होती, रसेलची जीवनकथा नव्हती. असा बदल खुशाल करावा. जवानाला दुसरं नाव, दुसरं गाव, दुसरी पलटण द्या आणि त्याचा पाय चकमकीत गेला असं दाखवा, कुणाची हरकत नाही. मात्र ‘सत्यकथा’ म्हणायचं आणि घटना बदलायची, हे दोन्ही एकदम चालणार नाही. त्यांच्या युनिटमधले लोक तो सिनेमा बघणार आहेत. त्या दिवशी सुरुंगांच्या पट्ट्यात त्यांच्या शेजारी उभे असलेले जवान बघणार आहेत. त्यांच्यापुढं न लढलेल्या लढाईची शाबासकी मिरवायची पाळी स्वाभिमानी फौजीवर येऊ नये. मला विचाराल तर जे खरोखर घडलं तेच सिनेमात जास्त दमदार ठरेल. आपल्याच हातांनी जमिनीत मरण पेरणाऱ्या जवानांची गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगितलेली नाही. दिग्दर्शकांना हे सुचवून बघा. ऐकलंच नाही, तर ‘सत्यकथा’ शब्द आणि मिस्टरांचं नाव एका ओळीत येणार नाही, एवढं लिहून घ्या.

आता नोकरी. इथं मात्र मी ठाम आहे.

१३ मार्च १९४७ च्या रात्री रसेलला एकाच भूमिकेसाठी दोन ऑस्कर मिळाले. आपल्या माजी सैनिक बांधवांना त्यानं आशा आणि धैर्य दिलं म्हणून एक विशेष पुरस्कार, आणि सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा दुसरा. एकाच भूमिकेला दोन ऑस्कर हे त्याआधी कधी घडलं नव्हतं, नंतरही नाही. याहून मोठं यश कुठल्या नवख्याला मिळणार? आणि तरीही वायलरनं त्याला काय सांगितलं, तर कॉलेजात जा, पदवी घे, कारण हात नसलेल्या नटासाठी फार भूमिका लिहिल्या जात नाहीत. मला हा सल्ला त्या दोन बाहुल्यांपेक्षा मोलाचा वाटतो. कौतुकाच्या भरात असं खरं बोलणारा माणूस भेटणं हे भाग्य आहे. रसेलनं ऐकलं. बोस्टन विद्यापीठातून त्यानं १९४९ साली व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घेतली. त्यानंतरचा मोठा सिनेमा त्याला थेट १९८० साली मिळाला. मधल्या चौतीस वर्षांत तो हॉलिवूडच्या दारात ताटकळत बसला असता, तर आज मी तुम्हाला त्याची गोष्ट सांगितली नसती.

तो बसला नाही. माजी सैनिकांच्या ‘ॲमव्हेट्स’ या संघटनेचा तो राष्ट्रीय प्रमुख झाला. १९६४ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्याला अपंगांच्या रोजगारासाठी नेमलेल्या समितीचं अध्यक्षपद दिलं आणि १९८९ पर्यंत, पंचवीस वर्षं, त्यानं ते सांभाळलं. हातपाय नसलेल्या माणसाला दया नको, नोकरी द्या, हे तो मालकांना आणि सरकारला सांगत फिरला. तुमचे मिस्टर म्हणतात ना, ‘पहिल्यांदा कुणीतरी काम घेऊन आलंय’, तीच ही गोष्ट. सिनेमानं त्याला चेहरा दिला आणि तो चेहरा त्यानं या कामासाठी वापरला.

पुढचाही भाग सांगते, कारण तो लपवला तर सल्ला अर्धवट राहील. १९९२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, रसेलनं सहायक अभिनेत्याचं ऑस्कर न्यूयॉर्कला लिलावात विकलं. बायकोच्या औषधपाण्यासाठी पैसे हवे होते असं त्यानं सांगितलं. ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं विकू नये म्हणून विनवलं, त्यानं ऐकलं नाही. साठ हजार पाचशे डॉलर आले. विशेष पुरस्कार मात्र त्यानं जवळ ठेवला. अनेकांनी नाकं मुरडली. मला त्यात काहीही कमीपणा दिसत नाही. बायको आधी, बाहुली मागून, हा हिशोब कुठल्याही मराठी घराला समजेल. पण यातून हेही कळतं की जगातला सगळ्यात मोठा पुरस्कारसुद्धा म्हातारपणची तरतूद होऊ शकत नाही.

आपल्याकडचं बघायचं तर सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर घ्या. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं, १९७२ साली जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. २०१८ साली पद्मश्री मिळाली आणि त्यांच्या आयुष्यावरचा हिंदी सिनेमा २०२४ साली आला. पदक आणि सिनेमा यांच्यामध्ये बावन्न वर्षं होती. पुण्याच्या टेल्कोतल्या नोकरीनं त्या काळात घराला आधार दिला.

म्हणून नोकरी सोडू नका, रजा मागा. बँकेच्या मॅनेजरना किंवा ज्या एजन्सीमार्फत लागलेत त्यांना स्वतः जाऊन भेटावं आणि शूटिंगच्या काळापुरती बिनपगारी रजा लेखी मागावी. आपल्या शाखेतला माणूस सिनेमात येतोय याचा आनंद बहुतेकांना होतो. बँकेच्या दारात उभं राहणं त्यांना कमीपणाचं वाटत असेल, दिवसभर पायावर उभं राहून त्रास होत असेल, तर ती खरी अडचण आहे आणि तिच्यावर वेगळा उपाय आहे. पुण्यात खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी १९१७ साली निघालेली ही संस्था आजही अपंग जवानांना हाताला काम देणारं शिक्षण देते. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन चौकशी करा. पत्र वाचताना मला वाटत होतं की त्यांना सिनेमापेक्षा बँकेच्या स्टुलावरून उठण्याची ओढ जास्त आहे. तसं असेल तर त्यावर बोला. सिनेमाला त्याचं ओझं वाहायला लावू नका.

पैशाचं थोडक्यात. ‘आपल्या जवानांसाठी करतोय, मानधनाचं काय’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. पेन्शन ही त्यांनी देशाला दिलेल्याची आहे, मानधन हे कामाचं आहे. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मोठा रोल आहे तर इतर नटांना मिळतो तसा करार, हप्ते ठरलेले, पहिला हप्ता शूटिंगआधी. सिनेमासाठी घेतलेली दृश्यं जाहिरातीत, देणगीच्या आवाहनात किंवा निवडणुकीच्या प्रचारात वापरता येणार नाहीत, हे कलम हवंच. करार तालुक्याच्या वकिलाकडून वाचून घ्या. सही करताना लहान अक्षरं महत्त्वाची असतात. रसेल आपलं ऑस्कर विकू शकला ते १९४७ साली त्यानं तसा कागद लिहून दिलेला नव्हता म्हणून. १९५० पासूनच्या विजेत्यांकडून अकादमी लिहून घेते की विकायचं झालं तर आधी आम्हालाच नाममात्र किमतीत द्यायचं.

तब्येतीचं मात्र सविस्तर बोलावं लागेल, कारण सेटवरच्या लोकांना ते माहीत नसतं. शूटिंगचा दिवस बारा बारा तासांचा असतो, लाइटखाली उकाडा असतो, एकच चाल पुन्हा पुन्हा चालावी लागते. इतका वेळ सॉकेटमध्ये राहिलं तर स्टंप सुजतो, फोड येतात आणि मग कित्येक दिवस पाय घालताच येत नाही. दर दोन-तीन तासांनी पाय काढून बसायला आडोशाची जागा, जास्तीचे सॉक्स, चिखलात किंवा उतारावर पळण्याच्या सीनसाठी दुसरा माणूस, आणि कुठलीही जखम दिसली की त्या दिवशी काम बंद, हे आधीच ठरवून घ्या. फौजी माणूस ‘जमेल की’ म्हणून दुखणं अंगावर काढतो. ते ‘दुखतंय’ म्हणणार नाहीत, हे दिग्दर्शकांच्या कानावर तुम्ही घाला.

सासूबाईंशी वाद घालू नका. ज्या आईनं धडधाकट मुलगा स्टेशनवर सोडला आणि कुबड्यांवर परत घेतला, तिला लोकांच्या नजरा नकोशा वाटल्या तर तिचं काय चुकलं? होमर घरी येतो तेव्हा सोबत्यांना निरोप द्यायला तो आकडा हलवतो, ते पाहून त्याची आई हुंदका देते, तोही क्षण त्या सिनेमात आहे. जमलं तर तो सिनेमा मिळवा आणि एका संध्याकाळी सगळे मिळून बघा. जवळजवळ तीन तासांचा आहे, इंग्रजी आहे, सासूबाईंना मधे मधे सांगत जा. पियानोचा सीन येईल, त्यात होमर आकड्यांनी सूर वाजवतो. लग्नाचा सीन येईल, त्यात तो आकड्यानं नवरीच्या बोटात अंगठी सरकवतो. बघून झाल्यावर त्यांनाच विचारा की आपल्या मुलानं असं काम केलं तर चालेल का. त्या नाहीच म्हणाल्या तरी निदान कशाला नाही म्हणतायत ते त्यांना ठाऊक असेल.

दिग्दर्शकांचा पुढचा फोन आला की मिस्टरांनी होकार द्यावा आणि लगेच तीन गोष्टी मागाव्यात: त्या सीनची पानं, कराराचा मसुदा आणि शूटिंगच्या तारखा, म्हणजे रजेचा अर्ज वेळेत देता येईल. तो सीन करायचं दोघांचं ठरलं, तर त्या दिवशी सेटवर गरजेपुरतीच माणसं असतील आणि तुम्ही तिथं हजर असाल, हेही करारात घालून घ्या.